शाळेचं दप्तर द्यावं, इतिहास देऊ नये: सोलापुरातल्या एका स्कॅनिंग-बांधणी सेवेचं परीक्षण

गावातल्या शाळेला शंभर-सव्वाशे वर्षं होत आली की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्मरणिकेचा विषय निघतोच. मग कपाटातलं जुनं दप्तर बाहेर येतं. पानं तांबूस पडलेली, कडा झडलेल्या, सुरुवातीचा भाग मोडी लिपीत. हे सगळं एकहाती करून देणारी एक सेवा सोलापुरात नवी पेठ भागात आहे. मूळचं छपाईचं दुकान, त्याला स्कॅनिंगची जोड. दप्तराचं स्कॅनिंग, मोडीचं देवनागरी लिप्यंतर, जीर्ण रजिस्टरांची नवी बांधणी आणि ‘शाळेचा इतिहास’ लिहून छापून देणं अशी चार कामं एका दरात मिळतात. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची तीन जनरल रजिस्टरं आणि एक शेरेबुक (तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची वही), मिळून ६४० जोडपानं, या सेवेतून गेली. त्या कामावरून हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. स्कॅनिंग निःशंकपणे द्यावं. मोडी वाचन द्यावं, पण तपासून घ्यावं. बांधणी अटी लिहून घेतल्याशिवाय देऊ नये. इतिहासलेखन मुळीच देऊ नये, ते गावानंच करावं.

स्कॅनिंगची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे माणसं साहित्य घेऊन शाळेत येतात. जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज, हे ‘अ’ वर्गातलं कायम जतनाचं दप्तर आहे आणि ते मुख्याध्यापकांच्या ताब्यातलं असतं. ते पिशवीत घालून शहरातल्या दुकानात नेणं हीच पहिली चूक ठरते. जी सेवा ‘रजिस्टरं आणून द्या, आठ दिवसांनी न्या’ म्हणते तिला तिथंच नकार द्यावा. ही सेवा तसं म्हणत नाही, हा तिचा मोठा गुण.

साहित्य साधं पण योग्य आहे: उभ्या स्टँडवर खाली तोंड करून बसवलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन दिवे, आणि रजिस्टर पूर्ण न उघडता ठेवता येईल असा इंग्रजी व्ही आकाराचा लाकडी पाळणा. फोटोकॉपीवाल्याचा काचेचा स्कॅनर अशा दप्तराला चालत नाही. त्यावर पान उपडं दाबावं लागतं, कण्याची शिलाई तुटते आणि झडलेल्या कडांचा चुरा काचेवरच राहतो. त्या चुऱ्यात कुणाची तरी जन्मतारीख असते.

रिझोल्यूशनचा हिशेब आधी समजून घ्यावा. फुलस्केप रजिस्टर उघडल्यावर जोडपान साधारण साडेतेरा इंच उंच आणि १७ इंच रुंद भरतं. २४ मेगापिक्सेल म्हणजे सुमारे ६००० गुणिले ४००० ठिपके. सगळं जोडपान एका फोटोत घेतलं तर इंचाला जेमतेम ३०० ठिपके पडतात. देवनागरीतल्या ठसठशीत अक्षराला तेवढे पुरतात. मोडीची पानं, पुसट पेन्सिल आणि बारीक शेरे यांना पुरत नाहीत. तिथं एकेक पान वेगळं घ्यायला सांगावं, म्हणजे ४४० च्या आसपास जातं. सेवेच्या ठरलेल्या दरात फक्त जोडपानाचा फोटो धरलेला आहे. मोडी भागासाठी एकेरी पानांची मागणी कामाच्या आधी करावी लागते, नंतर पुन्हा येण्याचे पैसे वेगळे पडतात.

रंगीत स्कॅनच घ्यावा. काळा-पांढरा स्वस्त पडतो आणि फाइल हलकी होते, पण तपासणी अधिकाऱ्यांचे लाल शाईतले शेरे, नंतर वेगळ्या शाईत केलेल्या दुरुस्त्या आणि खाडाखोड यांतला फरक त्यात नाहीसा होतो. मूळ नोंद कोणती आणि मागाहून घातलेली कोणती, हे शाईच्या रंगावरूनच कळतं. ३०० ठिपक्यांच्या रंगीत जोडपानाची न दाबलेली फाइल सुमारे ६२ एमबी होते. ६४० पानांच्या ४० जीबी. दुकान मुळात फक्त पीडीएफ देतं, ती पाहायला सोयीची पण दाबलेली असते. न दाबलेल्या टिफ फाइल मागून घ्याव्यात. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सगळं मावतं, म्हणून ‘जागा लागते’ हे कारण ऐकू नये.

काम दोन दिवसांत झालं. वेग चांगला, पण वेगापायी तीन गोष्टी सुटल्या. कोरी पानं वगळली गेली. पुठ्ठ्याची आतली बाजू घेतली नाही, आणि रजिस्टर कधी सुरू केलं, किती पानांचं आहे, कोणाच्या सहीनं प्रमाणित झालं हे तिथंच लिहिलेलं असतं. तिसरी चूक जास्त गंभीर. पानांमध्ये ठेवलेल्या सुट्या चिठ्ठ्या, जुने दाखले, पालकांचे अर्ज बाजूला काढून एका पाकिटात भरले गेले. चिठ्ठी कुठल्या पानात होती हे एकदा हरवलं की ती कुणाबद्दल आहे हेही हरवतं. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनीच मऊ पेन्सिलीनं उजव्या वरच्या कोपऱ्यात पानांना क्रमांक घालावेत, चिठ्ठीवर त्या पानाचा क्रमांक टाकावा, आणि कोऱ्या पानांसकट सगळं घ्यायचं असं लेखी ठरवावं. फाइलींची नावं शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, मग रजिस्टर क्रमांक, मग पान क्रमांक अशी असावीत. दुकान देतं ती कॅमेऱ्याची आपोआप पडलेली नावं सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत.

स्कॅनिंगपूर्वी धूळ मऊ ब्रशनं कण्यापासून बाहेरच्या दिशेनं झाडावी. कसर लागली म्हणून रजिस्टरं मे महिन्याच्या उन्हात वाळत घालायची सवय आपल्याकडे आहे, ती मोडलीच पाहिजे. सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशीचा त्रास कोकणापेक्षा कमी. इथला खरा शत्रू कागद ठिसूळ होणं आणि वाळवी हा आहे, आणि ऊन ठिसूळपणा वाढवतं.

आता मोडी. शाळेच्या रजिस्टरातली मोडी ही सनदा-पत्रांच्या मोडीपेक्षा सोपी असते, कारण रकाने ठरलेले असतात. नाव, जात, जन्मस्थळ, दाखल तारीख एवढंच वाचायचं. तरीही चुका होतात, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द एकाच ओळीत सलग जातात. या सेवेचा वाचक जुन्या पुणेरी पत्रांवर शिकलेला असावा. पाटील, कुलकर्णी, जोशी ही नावं त्यानं अचूक लावली. सिद्रामप्पा, मलकप्पा, शिवलिंगप्पा, गुरुबाळप्पा अशा नावांपाशी मात्र तो अडखळला. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट भागात घरात कानडी बोललं जातं, नावं कानडी वळणाची, आणि मास्तरानं ती कानाला जशी आली तशी मोडीत उतरवलेली. एकाच मुलाचं नाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी सापडतं. हे वाचायला मोडीइतकंच गाव माहीत असावं लागतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, हे न कळल्यामुळे दोन ठिकाणी ते आडनाव समजून छापलं गेलं.

उपाय सोपा आहे. लिप्यंतराचा कच्चा तक्ता गावातल्या दोन जाणत्या माणसांसमोर वाचावा, त्यातलं एक जण कानडी बोलणारं असावं. मग दर दहा नोंदींमागे एक नोंद मूळ पानाशी ताडून पाहावी. चूक सापडली तर ते पूर्ण पान पुन्हा वाचायला लावावं. दुकानानं याला हरकत घेतली नाही आणि दुरुस्त्या विनातक्रार करून दिल्या, हे नमूद करायलाच हवं.

एका बाबतीत मात्र त्यांच्याशी ठाम बोलावं लागतं. जातीच्या रकान्यातल्या संक्षेपांचा विस्तार त्यांनी स्वतःच्या अंदाजानं केला होता. ‘कु.’ असं लिहिलं असेल तर लिप्यंतरातही ‘कु.’ एवढंच हवं. त्याचा अर्थ लावणं हे वाचकाचं काम नाही. जातपडताळणीत या नोंदींचं वजन फार मोठं आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ यांच्या आधीचे पुरावे मागितले जातात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी जुनी शालेय दप्तरं मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, तेव्हा एकेका अक्षराची किंमत सगळ्यांना कळली. स्मरणिकेसाठी केलेलं लिप्यंतर उद्या कुणी पुरावा म्हणून पुढे करेल. त्यात अंदाज नको.

बांधणीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण इथं नुकसान भरून येत नाही. दुकानाची नेहमीची पद्धत अशी: जुना पुठ्ठा काढायचा, पानं सारखी करून कटिंग मशीनखाली तिन्ही बाजू छाटायच्या, कण्याला गोंद लावून रेक्झिनचं कव्हर चढवायचं. नवीन वह्यांना हे ठीक. जुन्या जनरल रजिस्टरमध्ये शेवटचा शेऱ्याचा रकाना अगदी कडेपर्यंत लिहिलेला असतो. चार मिलिमीटर छाटले की दाखला दिल्याची तारीख जाते. या कामात पहिलंच रजिस्टर असं छाटलं गेलं. बाकीची दोन वेळीच थांबवली. स्कॅन आधी झाला होता म्हणून मजकूर वाचला. तेव्हा क्रम हाच ठेवावा: आधी स्कॅन, त्याची तपासणी, आणि मगच बांधणी.

करारात चार ओळी घालाव्यात. कटिंग मशीन वापरायचं नाही. शिलाई जुजबंदीची, म्हणजे दुमडलेल्या पानांचा एकेक जुज (गठ्ठा) दोऱ्यानं शिवून, कण्याला गोंद ओतून नव्हे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा नाही आणि लॅमिनेशन करायचं नाही. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं खातो, आणि गरम लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. चौथी ओळ खळीबद्दल. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ जपानी टिश्यू कागद एवढंच वापरायचं. वाळवीसाठी खळीत मोरचूद घालायची बाइंडरांची जुनी रीत आहे, पण तांब्याचा अंश जुन्या कागदाला आणखी जाळतो. लोहाच्या शाईनं आधीच पोखरलेल्या पानाला तर ते नकोच. या अटी मान्य नसतील तर न बांधता रुमालात बांधून ठेवलेलं रजिस्टर जास्त सुरक्षित असतं.

आणि शेवटचं काम, ज्यावर सगळ्यात जास्त आक्षेप आहे: इतिहास. दुकानानं दिलेल्या मसुद्यात पहिलंच वाक्य होतं की जिल्हा परिषदेनं १८९४ मध्ये ही शाळा सुरू केली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला अस्तित्वात आल्या. त्याआधी गावच्या शाळेचा मालक वेळोवेळी बदलत गेला आणि तो बदल शिक्क्यांवर दिसतो. १८६० च्या दशकात जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर बसला, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला जायचा. गावोगावच्या कित्येक शाळा त्यावर उभ्या राहिल्या. १८८४ च्या कायद्यानं तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डं आली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे गेला, १९४७ च्या कायद्यानं तो जिल्हा स्कूल बोर्डाकडे आला. शिक्क्यावर ‘लोकल फंड’ आहे, ‘लोकल बोर्ड’ आहे की ‘स्कूल बोर्ड’, एवढं पाहिलं तरी बिनतारखेच्या कागदाच्या काळाचा अंदाज येतो.

१८९४ हे वर्षही चुकीचंच. उपलब्ध पहिल्या रजिस्टरमधली पहिली नोंद त्या वर्षाची आहे, पण तिचा क्रमांक १ नाही, २१३ आहे. म्हणजे आधीचं एक रजिस्टर होतं आणि शाळा त्याहून जुनी आहे. स्थापनेचं वर्ष छापण्यापूर्वी प्रत्येक शाळेनं हा क्रमांक पाहावा. आधीचं रजिस्टर नसेल तर ‘१८९४ पूर्वी’ असंच छापावं, पाटी रंगवण्यासाठी वर्ष बनवू नये. तारीख शकात असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८ आणि जानेवारी ते फाल्गुन ७९ मिळवून इसवी सन येतो. दख्खनी फसलीत (जुन्या महसुली कालगणनेत) ५९० मिळवावे लागतात, आणि वर्ष जानेवारीत सुरू होत नाही हे धरून.

तालुकाही पाहावा लागतो. अक्कलकोट तालुक्यातल्या पुष्कळ शाळा १९४८ पर्यंत अक्कलकोट संस्थानाच्या होत्या, मंगळवेढा सांगली संस्थानात होतं. या शाळांना वरचे मुंबई इलाख्याचे कायदे जसेच्या तसे लावता येत नाहीत. करमाळा तालुक्यात उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या शाळा नव्या गावठाणात गेल्या. तिथं नव्या इमारतीचं वर्ष हेच स्थापनेचं वर्ष म्हणून सांगितलं जातं, आणि रजिस्टर मात्र जुन्या गावचं असतं.

मसुद्याची पुढची सहा पानं सिद्धेश्वराची यात्रा, चादरी आणि चार हुतात्म्यांवर होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली, त्यांचं नाव सोलापुरातल्या प्रत्येक शाळेत घेतलं जावं. पण ते या शाळेच्या इतिहासात कुठं येतं? मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लागला तेव्हाची हजेरी आणि शेरेबुक समोर ठेवून काही लिहिलं असतं तर तो शाळेचा इतिहास झाला असता. तसं एक वाक्यही नव्हतं.

खरा मजकूर दप्तरातच असतो आणि तो काढायला लेखक लागत नाही, चार चिकाटीचे शिक्षक लागतात. दरवर्षीच्या नव्या दाखल्यांची संख्या मोजून एक तक्ता करावा, मुलगे आणि मुली वेगळे. ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना वेगळा उतरवावा. १८९६ नंतरचा प्लेग, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ ची तापाची साथ, १९७२ चा दुष्काळ या वर्षांपाशी थांबून महिनावार पाहावं. मात्र संख्या घटली की लगेच दुष्काळाचं नाव घेऊ नये. आपल्या भागात ज्वारीच्या काढणीत दरवर्षी हजेरी उतरते, ती आधी वजा करावी. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली ते शोधावं. अस्पृश्य मानलेल्या समाजाचं पहिलं मूल कधी आलं, तेही शोधावं. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला आणि सार्वजनिक शाळा सर्वांना खुल्या करायचं ठरलं. आपल्या शाळेत ते प्रत्यक्षात कधी घडलं याचं उत्तर फक्त जनरल रजिस्टरकडे आहे. उत्तर अवघड असलं तरी छापावं. या दुकानाच्या मसुद्यात तो विषयच नव्हता, आणि ही उणीव शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

शेरेबुक हे तर सोनं आहे. दिपोटीसाहेब (शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर) आले, पट किती, हजर किती, शाळा मारुतीच्या देवळात भरते की चावडीत, छप्पर गळतं का, मास्तर एकच आहेत का, हे सगळं तारखेनिशी मिळतं. मुख्याध्यापकांची यादी आठवणीवर करू नये, ती चार्ज यादीवरून करावी. प्रत्येक बदलीच्या वेळी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असते. घंटा, नकाशे, घड्याळ, रेडिओ शाळेत कधी आले हे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, सांगतं. जुन्या नोंदींत १ जून या जन्मतारखेची रांग दिसेल. ती दाखल करताना मास्तरांनी सोयीसाठी घातलेली तारीख, तिच्यावरून वयाचे निष्कर्ष काढू नयेत.

छापताना जात आणि जन्मतारीख वगळावी. संख्या द्याव्यात, नावं द्यायची तर घरच्यांना विचारून. रजिस्टरच्या पानांचे फोटो स्मरणिकेत फार सुंदर दिसतात, पण त्यातही हे रकाने झाकावेत. दुकानानं नमुन्याच्या मुखपृष्ठावर पूर्ण पान उघडं छापलं होतं. सांगितल्यावर बदललं.

छपाई स्वच्छ आहे, कागद चांगला, मुद्रितं दोनदा मिळतात. त्याबद्दल तक्रार नाही. चारही कामांचा एकत्र दर मात्र घेऊ नये. स्कॅनिंग जोडपानावर, मोडी नोंदीवर आणि छपाई प्रतींवर असे तीन वेगळे दर लिहून घ्यावेत, म्हणजे नको असलेलं काम सहज वगळता येतं.

ताबा घेताना मुख्याध्यापकांनी प्रत्येक रजिस्टरची पहिली, मधली आणि शेवटची वीस पानं संगणकावर उघडून मूळाशी मिळवावीत, आणि एकूण फाइली पानांच्या संख्येइतक्याच आहेत हे मोजावं. एक प्रत शाळेत, एक पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, एक ग्रामपंचायतीत ठेवावी. मूळ रजिस्टरं धुतलेल्या मांजरपाटाच्या रुमालात, प्लॅस्टिकमध्ये नव्हे, आडवी ठेवावीत. कपाट लोखंडी असावं, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उचललेलं, कारण वाळवी जमिनीतून आणि भिंतीतूनच येते. दर जूनला, नवी नावं दाखल करायच्या आधी, रुमाल सोडून एकदा पाहावं.